देहकेंद्री समुपदेशनाची मराठी : एक चिकित्सा

१

ठाणे हे नाव मराठी बोलण्यात दीर्घकाळ दोन अर्थांनी वावरत आले आहे. पहिला अर्थ नकाशावरचा. दुसरा तेथील मनोरुग्णालयामुळे आलेला. हे रुग्णालय १९०१ पासूनचे. मुंबई आणि तिच्या आसपासच्या बोलण्यात ‘ह्याला ठाण्याला पाठवायला हवे’ हे वाक्य थट्टेचे, आणि प्रसंगी धमकीचेही, वाक्य होऊन बसले. ‘वेड’ हा शब्द उच्चारण्याचे कारणच उरले नाही. विभक्तिप्रत्यय लागलेले एक ग्रामनाम ते काम करू लागले. पुढे १९९० मध्ये त्याच शहरात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली आणि ‘सुदृढ मन सर्वांसाठी’ हे तिचे ब्रीद ठेवले. त्यातील ‘सर्वांसाठी’ हे पद ध्यानात घेण्यासारखे आहे. जे ठाण्याला ‘पाठवावयाच्या’ माणसांपुरते मानले जाई ते आता स्वतःच्या पायांनी येणाऱ्या सर्वांचे झाले. ठाणे, डोंबिवली, कल्याण ह्या पट्ट्यात मानसोपचाराविषयी उघडपणे, आणि तेही मराठीतून, बोलले जाऊ लागले ह्यात ह्या बदलाचा वाटा मोठा आहे.

ह्या पहिल्या टप्प्यातील भाषा मुख्यतः विचाराची भाषा होती. आता तिच्या शेजारी दुसरी एक भाषा उभी राहू पाहत आहे. श्वास, स्पर्श, ताण, शरीराची ठेवण ह्यांकडे लक्ष देऊन मनाच्या प्रश्नांपर्यंत जाणारी, आणि त्या वाटेने माणसाला स्वतःविषयीच्या स्वीकाराकडे नेऊ पाहणारी अशी जी समुपदेशनपद्धती आहे, तिची ही भाषा. पत्रकांतून, व्याख्यानांतून आणि वर्तमानपत्री सदरांतून ‘सजगता’, ‘साक्षीभाव’, ‘बॉडी स्कॅन’, ‘आत्मस्वीकार’ हे शब्द आता वाचकाच्या ओळखीचे झाले आहेत.

ह्या पद्धतीचा वैद्यकीय गुणावगुण ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तो अधिकार त्या शास्त्राचा. येथे प्रश्न भाषेचा आहे. ही पद्धती मराठीत आणताना आपण तिला कोणत्या प्रकारची वाक्ये दिली, आणि ती वाक्ये तिच्या कामाला येतात काय, एवढेच पाहावयाचे आहे. माझे प्रतिपादन असे की देहकेंद्री समुपदेशनाला लागणारे व्याकरण मराठीत पूर्वीपासून सिद्ध आहे. परंतु आपण त्याला बाजूस सारून उपदेशाचे व्याकरण वापरीत आहो, आणि त्यामुळे ज्या माणसासाठी हा खटाटोप त्याच्यापर्यंत तो पुरतेपणी पोचत नाही.

२

प्रथम ‘समुपदेशन’ हाच शब्द घ्यावा. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे, हे प्रत्येक समुपदेशकाला पहिल्याच भेटीत समजावून सांगावे लागते, आणि शब्द मात्र उलट साक्ष देत राहतो. हा केवळ शब्दसिद्धीचा अपघात म्हणता येणार नाही. मराठीत मनाशी बोलण्याची जी थोर परंपरा आहे ती प्रामुख्याने उपदेशाचीच आहे. समर्थ रामदासांच्या मनाच्या २०५ श्लोकांत मनाला संबोधून सांगितले जाते. त्याची समजूत घातली जाते, त्याला आवरले जाते, त्याला वळण लावले जाते. तेथील मुख्य प्रयोग संबोधनाचा आणि आज्ञार्थ-विध्यर्थाचा. सांगणारा एक आणि ऐकणारे मन दुसरे, असे हे दोन पक्ष आहेत. आणि सांगणाऱ्याच्या हाती विवेक आहे.

ह्या परंपरेवर अल्बर्ट एलिस ह्यांची पद्धती सहज रुजली ह्यात नवल नाही. एलिस ह्यांनी १९५५ च्या सुमारास आपली उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके ह्यांनी एलिस ह्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार ठेवून तिचा अभ्यास व प्रसार केला, आणि ठाण्यात डॉ. नाडकर्णी ह्यांनी ‘स्वभाव-विभाव’ सारख्या लेखनातून ती सामान्य वाचकापर्यंत नेली. तिचे मराठी नाव ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ असे पडले. ‘विवेक’ हा शब्द कोशातून शोधून आणावा लागला नाही. तो कीर्तनातून, प्रवचनातून, घराघरांतून आधीच कानी पडलेला होता.

ह्या भाषांतराचे यश कोठे आहे ते एका निपातावरून दाखविता येईल. एलिस ह्यांच्या मते मनुष्य आपल्या इच्छेचे रूपांतर अट्टाहासात करतो, आणि तेथून त्याच्या क्लेशाला आरंभ होतो. इंग्रजीत हा अट्टाहास एका साहाय्यक क्रियापदात दिसतो. मराठीत तो ‘च’ मध्ये दिसतो. ‘मला हे मिळाले पाहिजे’ आणि ‘मला हे मिळालेच पाहिजे’ ह्या दोन वाक्यांतील अंतर एका अक्षराचे आहे, परंतु त्या अक्षरात सारा आग्रह साठला आहे. मराठी समुपदेशनाने हा ‘च’ हेरला. श्रोत्याला सिद्धान्त न सांगता त्याच्याच बोलण्यातील एक अक्षर त्याच्या हाती ठेवता आले. परिभाषा यशस्वी होते ती अशी. ती बाहेरून लादली जात नाही. बोलणाऱ्याच्या वाक्यात आधीच असलेल्या गोष्टीकडे ती बोट दाखविते.

देहकेंद्री समुपदेशनाच्या मराठीला अद्याप असा ‘च’ सापडलेला नाही.

३

ह्या दुसऱ्या पद्धतीची वंशावळ थोडी गुंतागुंतीची आहे, आणि ती आपल्या परिसरातून गेलेली आहे. १८८१ मध्ये र्‍हीस डेव्हिड्स ह्यांनी बौद्ध सुत्तांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि त्यात पालीतील ‘सति’ ह्या पदासाठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला. ब्रह्मदेशात ऊ बा खिन ह्यांच्यापाशी शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. त्यांचे येथील पहिले शिबिर मुंबईत झाले, आणि १९७६ मध्ये इगतपुरीस धम्मगिरी हे केंद्र सुरू झाले. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारा रेल्वेमार्ग पुढे घाट चढून तेथेच पोचतो. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जॉन कबात-झिन ह्यांनी तणावनिवारणाचा आठ आठवड्यांचा पाठ्यक्रम सुरू केला. त्यातील शरीरावरून क्रमाने लक्ष फिरविण्याच्या रीतीचे ब्रह्मी परंपरेशी नाते आहे. त्याच सुमारास, १९७८ मध्ये, युजीन जेंडलिन ह्यांनी ‘फोकसिंग’ हा ग्रंथ लिहिला. रॉन कुर्ट्झ ह्यांनी सजगता आणि देह ह्या दोहोंवर उभारलेली ‘हाकोमी’ पद्धती सिद्ध केली. तिच्या संस्थेची स्थापना १९८१ ची आणि त्यांचा प्रमुख ग्रंथ १९९० चा. म्हणजे ज्या वर्षी ठाण्यात विवेकाच्या भाषेला संस्थेचे घर मिळाले, त्याच वर्षी देहाची भाषा बोलणारा हा ग्रंथ अमेरिकेत छापला गेला.

पालीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, असा हा शब्द दूरचा वळसा घेऊन परतला, तो वाटेत आपले काही सामान टाकूनच. ‘सति’ चे संस्कृत रूप ‘स्मृति’. परंतु मराठीत ‘स्मृती’ म्हणजे आठवण. म्हणून ‘सजगता’ हा नवा शब्द घडवावा लागला. ‘वेदना’ ह्या शब्दाची गत तर अधिक बोलकी आहे. पालीत वेदना तीन प्रकारची: सुखाची, दुःखाची, आणि ह्या दोहोंपैकी कोणतीच नसलेली. मराठीत वेदना म्हणजे केवळ यातना. म्हणून मराठी साधक ‘संवेदना’ म्हणतो, आणि त्या उपसर्गाने काम भागते.

परंतु ह्या वळशाविषयी बोलताना एक गोष्ट आपल्या दृष्टीआड होऊ नये. सर्व मराठी भाषकांना हा वळसा घ्यावा लागलेला नाही. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या समाजाच्या मराठीत ‘सम्यक स्मृती’ हे पद आहे, ‘आनापान’ आहे, ‘शील’ आणि ‘समाधी’ आहे. कल्याण-डोंबिवली परिसरातील विहारांतून हे शब्द मराठी उच्चारांनी ऐकू येतात. त्याही मागे जावयाचे तर कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद आहे. धर्मानंद कोसंबी ह्यांनी हे पाली वाङ्मय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मराठी वाचकापुढे आणले. असे असताना समुपदेशनाच्या पत्रकांची परिभाषा ह्या मराठीला जणू ओळखतच नाही. ती थेट इंग्रजीतून संस्कृतात जाते आणि तेथून शब्द घेऊन येते. शेजारच्या वस्तीतील शब्द तिला ठाऊक नसावा, ही केवळ भाषेची बाब राहत नाही.

शब्दांहून मोठी अडचण वाक्याची आहे. सतिपट्ठान सुत्तातील मध्यवर्ती क्रियापद ‘पजानाति’ म्हणजे ‘जाणतो’ हे आहे. ते तृतीयपुरुषी, वर्तमानकाळी, स्वार्थी रूप आहे. ते आज्ञा करीत नाही, जे चालले आहे त्याची नोंद घेते. आपल्याकडील आजच्या मार्गदर्शनपर मराठीत मात्र पुढील धर्तीची वाक्ये आढळतात: श्वासावर लक्ष केंद्रित करा. शरीर शिथिल करा. विचारांकडे साक्षीभावाने पाहा. स्वतःचा विनाअट स्वीकार करा. सारी वाक्ये आज्ञार्थी, आणि त्यांतील मुख्य आशय संस्कृत नामांत कोंडलेला. ‘लक्ष केंद्रित करणे’ ही तर आयासाची, परीक्षेच्या अभ्यासाची भाषा आहे. मराठीत लक्ष ‘जाते’, लक्ष ‘असते’, लक्ष ‘लागते’, लक्ष ‘राहते’. ‘तुमचे लक्ष आत्ता कोठे आहे?’ हा प्रश्न आणि ‘लक्ष केंद्रित करा’ ही आज्ञा ह्यांत दोन पद्धतींचे अंतर आहे. पहिल्या वाक्यात ऐकणारा साक्षी होतो. दुसऱ्यात तो विद्यार्थी होतो, आणि बहुधा नापास होण्याच्या भीतीने ग्रासलेला विद्यार्थी.

४

आता मराठीचे स्वतःचे व्याकरण काय सांगते ते पाहू. मोरो केशव दामले ह्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ पासून (१९११) अलीकडच्या भाषावैज्ञानिक अभ्यासापर्यंत मराठीतील एका वाक्यरचनेचा वारंवार विचार झालेला आहे. तीत अनुभव घेणारा मनुष्य प्रथमेत येत नाही. तो ‘ला’ प्रत्यय घेऊन येतो. मला राग आला. तिला भीती वाटली. त्यांना कंटाळा आला. वाक्यातील क्रिया भावनेची. मनुष्य हे तिचे पोचण्याचे ठिकाण.

शेजारी प्रथमेची रचनाही आहेच: मी रागावलो, ती घाबरली, तो लाजला. परंतु ह्या जोड्या समानार्थक नाहीत. ‘आई मला रागावली’ ह्या वाक्याचा अर्थ आईने मला बोल लावले असा होतो. ‘आईला माझा राग आला’ ह्यात आई एक शब्दही बोललेली नसेल. पहिल्यात राग हे वर्तन आहे, दुसऱ्यात तो अनुभव आहे. सजगतेच्या पाठांत इंग्रजी भाषकाला ‘मी रागीट आहे’ अशा घडणीच्या वाक्यापासून ‘राग येथे उपस्थित आहे’ अशा वाक्यापर्यंत शिकवून न्यावे लागते. मराठी भाषक दुसऱ्या टोकाशी, निदान वाक्यापुरता, जन्मतः उभा असतो.

भावनांशी जोडलेली क्रियापदे तर जणू त्यांचे वर्गीकरणच करतात. राग, कंटाळा, कीव, रडू ‘येते’. भीती आणि लाज ‘वाटते’. चिंता आणि हुरहुर ‘लागते’. धास्ती आणि धक्का ‘बसतो’. धडकी आणि कापरे ‘भरते’. आनंद आणि दुःख ‘होते’. जे येते ते जाईल अशी अपेक्षा क्रियापदातच आहे. जे बसले आहे ते उठावयास वेळ लागेल, हेही त्याच्यातच आहे. ‘चिंता करू नका’ असे सांगणारा मनुष्य मराठीच्या ह्या जाणतेपणाकडे पाठ फिरवितो. चिंता लागलेली असते. ती केलेली नसते.

देहाविषयी तर मराठी अतिशय तपशिलाने बोलते. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, गळा दाटून येतो, हातपाय गळतात, तळपायाची आग मस्तकात जाते. ‘अंग चोरून बसणे’ हा एकच वाक्प्रचार घ्या. शरीर आक्रसून कमीत कमी जागेत बसणे हा त्याचा अर्थ; गाडीच्या गर्दीत, सासरच्या बैठकीत, साहेबांच्या खोलीत मनुष्य असा बसतो. ‘अंग चोरणे’ ह्याचा दुसरा अर्थ कामचुकारपणा. जो दबून बसला त्याच्यावर भाषा चोरीचा आळ घेते. देहाची ठेवण पाहून तीमागील श्रद्धा शोधणाऱ्या समुपदेशकाला ह्याहून अधिक काय हवे?

जेंडलिन ह्यांच्या विचारात एक संकल्पना मध्यवर्ती आहे. शब्दांत न सापडलेली, धूसर, परंतु शरीरात निश्चित जाणवणारी अशी प्रतीती. तीपाशी थांबल्यास तिच्यातून अर्थ उलगडू लागतो असे ते म्हणतात. ह्या संकल्पनेसाठी मराठीत ‘अनुभूत बोध’ यांसारखे शब्द बनविता येतील. परंतु मराठी माणूस तीच गोष्ट केव्हाची सांगत आला आहे: ‘मला कसेतरीच होतेय.’ ह्या वाक्याचा आपण किती अनादर केला आहे! दवाखान्यात त्यावर ‘कसेतरी म्हणजे नक्की काय?’ असा प्रश्न येतो. घरी ‘काही नाही, झोप झाली नसेल’ असे उत्तर मिळते. सुशिक्षितांना ते अडाणी वाक्य वाटते. जेंडलिन ह्यांच्या दृष्टीने मात्र समुपदेशनाचा प्रारंभबिंदू नेमका तोच आहे. विवेकनिष्ठ पद्धतीला ‘च’ सापडला तसा देहकेंद्री पद्धतीला ‘कसेतरी’ हा शब्द सापडण्यासारखा आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ह्या विवेचनावरून मराठी भाषक स्वभावतःच सजग असतात असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. अशी रचना हिंदीत, तमिळमध्ये, मल्याळममध्येही आहे. ती दक्षिण आशियाई भाषांचे समान लक्षण मानली जाते, आणि तिच्यायोगे कोणताही समाज क्रोधमुक्त झालेला नाही. भाषेची रचना विचाराला वाट दाखविते, चालविते असे नाही. शिवाय वाक्प्रचार झिजतात. ‘पोटात गोळा आला’ असे म्हणणाऱ्याचे लक्ष पोटाकडे असतेच असे नाही, बहुधा नसतेच. समुपदेशकाचे काम हेच की झिजलेल्या वाक्प्रचाराला पुन्हा अक्षरशः घ्यावयाचे. गोळा कोठे आहे, केवढा आहे, आत्ता आहे काय, हे शांतपणे विचारावयाचे. भाषेत सामग्री आहे. तिचा उपयोग आपोआप होत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

५

‘आत्मस्वीकार’ हा ह्या पद्धतीचा साध्यवाचक शब्द. तो वाचता येतो. बोलता येत नाही. बोलण्यातील ‘स्वीकारणे’ हे क्रियापद कचेरीचे आहे: पदभार स्वीकारला, राजीनामा स्वीकारला, अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. ‘पत्करणे’ मध्ये ओझे आहे; धोका पत्करतात, हार पत्करतात. ‘चालवून घेणे’ मध्ये नाइलाज, ‘सोसणे’ मध्ये यातना. ह्यांपैकी कोणतेही क्रियापद ‘स्वतःला’ ह्या कर्माशी जोडून पाहिल्यास अर्थ बिघडतो.

आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे वाटते. ‘मला माझाच राग येतो’, ‘मला माझीच लाज वाटते’, ‘मला माझीच कीव येते’ ही वाक्ये मराठीत किती सहज आहेत! ह्याच घडणीचे ममतेचे वाक्य मात्र जिभेवर येत नाही. ‘मला माझीच माया वाटते’ असे कोणी म्हणत नाही. ‘स्वतःवर प्रेम करा’ हे सुभाषित भिंतीवर लावता येते. परंतु ते परभाषेतून जसेच्या तसे उचललेले आहे हे कानाला लगेच कळते.

मग मराठीत स्वीकाराची भाषा नाहीच काय? आहे, आणि ती पूर्णपणे देहाची आहे. ‘चूक पोटात घालणे’, ‘पोटाशी धरणे’, ‘पदराखाली घेणे’, ‘जवळ करणे’. विलक्षण गोष्ट ही की ह्या साऱ्या क्रिया दुसऱ्यासाठी करावयाच्या आहेत. चूक दुसऱ्याची पोटात घालावयाची असते. स्वतःची चूक पोटात ठेवली तर ते लपविणे होते. मराठीत स्वीकार हा कोणाकडून तरी मिळतो: आईकडून, थोरल्या बहिणीकडून, वारकऱ्याच्या लेखी माउली असलेल्या विठ्ठलाकडून. म्हणून मराठीत आत्मस्वीकाराची वाट एकट्याने जात नाही; ती कोणा एकाच्या सान्निध्यातून जाते. प्रथम दुसरा कोणी मला जवळ करतो, आणि मग मला माझ्यापाशी बसवते. हे उणेपण आहे असे समजण्याचे कारण नाही. समुपदेशनाच्या खोलीत दोन माणसे बसतात ती ह्याचसाठी.

हाकोमी पद्धतीतील एक रीत येथे विचारात घेण्याजोगी आहे. व्यक्ती शांत, अंतर्मुख अवस्थेत असताना समुपदेशक तिला एक साधे, पोषक वाक्य ऐकवितो आणि ते ऐकताच देहात काय घडते ते पाहावयास सांगतो. वाक्य पटवून द्यावयाचे नसते. श्वास अडखळला, खांदे वर आले, डोळे भरले, की त्या प्रतिक्रियेतून जुनी समजूत हाती येते. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रयोग मोठा मननीय वाटेल, कारण त्याचे सारे यश एका वाक्याच्या घडणीवर अवलंबून आहे.

‘येथे तुमचे स्वागत आहे’ हे वाक्य मराठीत सभागृहाचे आहे. त्याने देह हलणार नाही. ‘तुम्ही आलात, बरे झाले’ हे वाक्य घराचे आहे. पुढची निवड तू, तुम्ही आणि आपण ह्यांतील. इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. मराठीत तो टाळता येत नाही. अनेक मराठी घरांत आईला ‘अगं आई’ आणि वडिलांना ‘अहो बाबा’ म्हटले जाते. देवालाही ‘तू’ च म्हणतात. तेव्हा ‘तू’ हे हीनतेचेच सर्वनाम नव्हे, ते निर्भयतेचेही आहे. तथापि अनोळखी माणसाच्या तोंडी तेच अपमानाचे होते. साठीच्या गृहस्थाला तिशीतील समुपदेशिका ‘तू’ म्हणू शकत नाही. आणि ज्या वाक्याला ते गृहस्थ आयुष्यभर पारखे राहिले ते वाक्य कदाचित ‘तू’ चेच असेल. शिवाय लिंगभेद. ‘तू आहेस तशी बरी आहेस’ आणि ‘तू आहेस तसा बरा आहेस’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले उच्चारताच आजवर मुलीला दिलेल्या ‘शहाणी’, ‘समजूतदार’, ‘गुणी’ ह्या सशर्त पदव्यांची आठवण जागी होते; दुसऱ्याने ‘मुलासारखा मुलगा असून’ ने सुरू होणारी वाक्ये जागी होतात. ह्या भेदांचा विचार न करता केलेले भाषांतर निरुपयोगी ठरेल. विचार केल्यास हेच भेद समुपदेशकाचे साधन होतील.

६

शेवटी ह्या पद्धतीवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप. स्वीकार शिकविणे म्हणजे मुकाट्याने सोसणे शिकविणे तर नव्हे? हा आक्षेप आपल्या परिसरात पुस्तकी राहत नाही. डोंबिवली, दिवा, मुंब्रा, ठाणे ह्या मार्गाने नोकरीस जाणारा देह रोज काय अनुभवतो हे सांगावयास नको. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीने भरलेल्या लोकलगाड्यांतून पडून प्रवाशांचे प्राण गेले. अशा गाडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जे धडधडते ती विकृत कल्पना नव्हे; ती बातमी आहे, आणि खरी बातमी आहे. त्याला ‘श्वासावर लक्ष द्या, परिस्थितीचा स्वीकार करा’ असे सांगणे हे देहाचे ऐकणे नसून देहाला गप्प करणे होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ ह्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी शंका उपस्थित केली. दुःख हेच जीवनाचे स्वरूप मानले तर मनुष्याला आशा उरत नाही, हा त्यांचा रोख होता. आणि ग्रंथात त्यांनी दुःखाची सामाजिक कारणे पुढे आणली. ज्या परंपरेतून सजगता आली त्याच परंपरेच्या एका श्रेष्ठ आधुनिक भाष्यकाराने हा इशारा देऊन ठेवला आहे. मराठीतून सजगता शिकविणाऱ्याने तो ओलांडून पुढे जाऊ नये.

ह्या आक्षेपाला भाषेच्या बाजूने एक उत्तर आहे, आणि तेच ह्या लेखाचे सार आहे. स्वीकार कशाचा? ‘मला भीती वाटते’ ह्या वाक्याचा. भीतीच्या कारणाचा नव्हे. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य लाज न बाळगता पूर्ण उच्चारता येणे, हा पहिला स्वीकार. ते उच्चारणारा मनुष्य पुढे गाडी सोडील, गाऱ्हाणे घालील, घर बदलील किंवा संघटनेत जाईल. ते त्याचे त्याने ठरवावयाचे. अंग चोरून बसलेल्या माणसाला आपण अंग चोरले आहे हे प्रथम जाणवले पाहिजे. पसरून बसावयाचे की उठून उभे राहावयाचे हा निर्णय त्यानंतरचा. आज्ञार्थी भाषा हा क्रमच मोडून टाकते. ती अनुभवाची नोंद होण्यापूर्वीच तो कसा असावा हे सांगून मोकळी होते; आणि तेथेच स्वीकाराचे रूपांतर निमूटपणात होते. एलिस ह्यांनीही माणसाचा स्वीकार आणि त्याच्या कृतीचे मूल्यमापन ह्यांत भेद केला होता. देहकेंद्री पद्धतीला त्याच धर्तीवर अनुभवाचा स्वीकार आणि परिस्थितीला संमती ह्यांत भेद करावा लागेल, आणि तो भेद मराठीत ‘मला’ ह्या एका पदाने करता येतो.

एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्याच्या देहावर आघात झाला आहे त्याला देहाकडे लक्ष नेणे असह्य होऊ शकते; तेथे उत्तम मराठी वाक्यही प्रशिक्षित हातांवाचून अपायकारक ठरेल. भाषा उपचाराची जागा घेत नाही.

परिभाषेचे काम सोडून द्यावे असाही माझा आग्रह नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले. ग्रंथासाठी, परीक्षेसाठी, कायद्यासाठी असे शब्द लागतातच. ‘सजगता’ आणि ‘आत्मस्वीकार’ ग्रंथात राहोत. परंतु ग्रंथाची मराठी आणि खोलीतील मराठी ह्या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीचा अभ्यास अद्याप झालेला नाही. ठाणे जिल्ह्यात आगरी आणि कोळी बोलणारे आहेत, बौद्ध वस्त्यांतील मराठी आहे, कोकणातून आणि घाटावरून येऊन डोंबिवलीत स्थिरावलेल्यांच्या घरच्या बोली आहेत. ह्या प्रत्येकीत देहाला काय होते हे सांगण्याच्या रीती निराळ्या असणार. त्या गोळा करणे, त्यांतील क्रियापदांचे आणि विभक्तींचे वर्गीकरण करणे, आणि ते समुपदेशकांच्या हाती देणे हे भाषाविभागाचे काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी विषय शोधताना ह्याचा विचार करावा. ‘कसेतरीच होतेय’ म्हणणाऱ्याला ‘म्हणजे काय?’ असे दरडावून न विचारता ‘कोठे होतेय?’ असे विचारणारा मनुष्य भेटावा, ह्यासाठी व्याकरणाचाही थोडा उपयोग होण्यासारखा आहे.